रिकाम्या बाटल्यांची टोपली

पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू लागून मला ११ वर्षे झाली असली, तरी त्यांतील बहुतेक वर्षे मी जिवाणू पाहिले ते केवळ प्लेटवरचे, म्हणजे त्यांना वाढवण्यासाठी पोषक माध्यम भरलेल्या तबकडीवरचे. नमुना दुसरे कोणीतरी आणून देई, नळीवर क्रमांक असे, आणि तो क्रमांक कोणत्या गोठ्यातल्या कोणत्या गाईचा आहे याच्याशी माझा संबंध येत नसे. जनावरांच्या शरीरात, दुधात आणि शेणात वाढणारे जिवाणू कोणकोणत्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत, याची ठरावीक काळाने आणि ठरावीक पद्धतीने नोंद ठेवण्याचे काम आम्ही करतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मनुष्यबळ कमी पडल्यामुळे या कामासाठी मला स्वतः गोठ्यांवर जावे लागले. त्या एका फेरीत नमुना घेण्यापासून निकाल सांगायला परत जाईपर्यंत जे घडले, ते येथे लिहीत आहे.

२०१९ साली जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे थेट अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांच्या रुग्णालयांतून अशा जिवाणूंची नोंद ठेवणारे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे २०१३ पासून काम करते. जनावरे आणि मासे यांच्यासाठीचे तसे जाळे भारतीय कृषी संशोधन परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने त्यानंतर उभे केले. आमच्या वर्तुळात त्याला ‘इन्फार’ म्हणतात. आमची पाहणी त्याच धर्तीची, पण एका जिल्ह्यापुरती आणि दुधाच्या जनावरांपुरती होती.

सातारा जिल्ह्यातील फलटण आणि खंडाळा तालुक्यांमधले गोठे आम्ही दूध संकलन केंद्रांवरच्या याद्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडले. हे लोकांना पटवणे सोपे नव्हते. ज्यांच्या गाईंना दगडी झाली होती, म्हणजे कासदाहाने कास दगडासारखी टणक झाली होती, ते शेतकरी स्वतःहून बोलवत होते, आणि आम्ही मात्र शेजारच्या, धडधाकट गाईंच्या गोठ्यात जात होतो. आजारी जनावरांवर बहुधा आधीच दोन-तीन औषधांचा मारा झालेला असतो, त्यामुळे फक्त त्यांचेच नमुने घेतले तर चित्र आहे त्याहून भीषण दिसते, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी त्याची तुलनाही करता येत नाही. हे मी प्रत्येक वाड्यावस्तीवर समजावून सांगितले. तरीही गाय तडफडत असताना तिला न तपासता पुढे जाणाऱ्या माणसांकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला सहन झाली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही आजारी गाईंचे नमुनेही घेऊ लागलो. फक्त ते वेगळ्या वहीत नोंदवले आणि पाहणीच्या आकड्यांत मिसळले नाहीत.

सातवा गोठा आक्कांचा होता. नदीकाठाला, उसाच्या फडाला लागून, ८ संकरित गाई आणि ३ कालवडी. त्यांचे यजमान सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जात, मुलगा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, त्यामुळे गोठा सर्वस्वी आक्कांच्या अंगावर. दुधाचा नमुना घेण्याची आमची पद्धत अशी की सड कोरडे पुसायचे, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने प्रत्येक सडाचे टोक घासून स्वच्छ करायचे, आधी पलीकडचे दोन सड आणि मग अलीकडचे, म्हणजे हात पलीकडे नेताना स्वच्छ केलेल्या सडाला बाही लागत नाही. नमुना मात्र उलट क्रमाने, आधी अलीकडच्या सडांचा घ्यायचा. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, निर्जंतुक नळी तिरपी धरायची, झाकण त्याच हाताच्या बोटांत तोंड खाली करून ठेवायचे, आणि नळी भरताच बंद करून बर्फाच्या पेटीत ठेवायची. कागदावर हे सात ओळींत मावते. गौरी नावाच्या दुसऱ्या वेताच्या गाईपाशी मी बसले आणि तिने एकदा लाथ झाडली, दुसऱ्यांदा शेपटीचा फटका नळीवर मारला, आणि तिसऱ्यांदा पान्हाच सोडला नाही.

‘‘मॅडम, अनोळखी हात लागला की ती दूध चोरती,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘तुम्ही सांगा, मी काढून देते.’’

त्यांनी हातांना साबण लावून धुतले, मी दिलेले हातमोजे चढवले आणि गौरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून तिच्या पायाशी बसल्या. मी शेजारी उभी राहून क्रम सांगत होते. कापसाचा तिसरा बोळाही मळका निघाला तेव्हा त्यांनी न सांगता चौथा मागितला. टोकावरचा मळ निघेपर्यंत घासायचे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले होते. झाकण बोटांत धरून नळी तिरपी ठेवण्याची सवय व्हायला त्यांना दोन सड लागले. मला शिकताना याहून पुष्कळ जास्त वेळ लागला होता. त्या दिवशी त्यांच्या हातून घेतलेल्या ८ गाईंच्या ३२ नळ्यांपैकी एकही पुढे दूषित निघाली नाही. नमुना दूषित आहे हे आम्ही प्लेटवर तीन किंवा अधिक प्रकारचे जिवाणू एकत्र उगवले म्हणजे ठरवतो, आणि माझ्या स्वतःच्या हातून घेतलेल्या आधीच्या गोठ्यांतल्या नमुन्यांत असे बरेच निघाले होते. त्यानंतरच्या प्रत्येक गोठ्यात, जो रोज धार काढतो त्याच्याच हातून नमुना घ्यायचा, असे आम्ही ठरवले.

नमुन्यांनंतर प्रश्नावली. त्यात एक प्रश्न होता: ‘गेल्या ३ महिन्यांत जनावरांना प्रतिजैविक दिले होते का?’ आक्कांनी ‘‘नाही’’ सांगितले आणि मी तसे लिहिले. लिहून झाल्यावर, निघता निघता, केवळ बोलण्याच्या ओघात मी विचारले, की गौरीला मागे कधी दगडी झाली होती का. ‘‘झाली होती की, दीड महिन्यामागं. डॉक्टरांनी तीन दिवस सुया केल्या, सडात ट्यूब सोडल्या.’’ कोणत्या, असे विचारताच त्या आत गेल्या आणि माळ्याखालून एक बांबूची टोपली घेऊन आल्या. लहान मूल हात लावेल म्हणून त्या रिकाम्या बाटल्या आणि सुया उकिरड्यावर न टाकता तीत साठवत असत. मी जमिनीवर बसून एकेक बाटली पुसून वाचली. सेफ्ट्रायॅक्झोनच्या कुप्या, ऑक्सिटेट्रासायक्लिनची मोठी बाटली, एन्रोफ्लॉक्सासिन (ही सगळी प्रतिजैविकेच), सडात सोडायच्या चार ट्यूब, आणि काही अशा, ज्यांचे लेबल भिजून विरघळून गेले होते.

आक्का खोटे बोलल्या नव्हत्या. ‘प्रतिजैविक’ हा शब्द त्यांच्या गोठ्यात कधी कोणी उच्चारलाच नव्हता. तिथे सुई होती, ट्यूब होती, पावडर होती. चूक आमच्या कागदाची होती. आधीच्या सहा गोठ्यांपैकी चार ठिकाणी मी त्याच प्रश्नासमोर ‘नाही’ असे लिहिले होते. त्या चारही ठिकाणी आम्ही पुढच्या दोन दिवसांत परत गेलो, प्रश्न बदलून ‘जनावर आजारी पडल्यावर काय काय दिले, आणि बाटली दाखवता येईल का’ असे विचारले, आणि त्यांतल्या तीन ठिकाणी उत्तर बदलले. या पाहणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, म्हणून ती इतक्या विस्ताराने लिहिली. जिवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे प्रयोगशाळा सांगू शकते, पण ते औषध त्याला कधी आणि कसे भेटले, हे फक्त गोठ्यातच कळते.

प्रयोगशाळेतले काम नेहमीचे होते. दुधाचा १० मायक्रोलिटर थेंब रक्तमिश्रित माध्यमावर पसरायचा, ३७ अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवायचे, उगवलेल्या कॉलनींतून, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्यांतून, कासदाह करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या करायच्या, आणि सशाच्या रक्तद्रवात त्यांच्यामुळे गुठळी होते का ते चार तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहायचे. ओळख पटलेल्या जिवाणूंचे ठरावीक गढूळपणाचे द्रावण करून ते म्युलर-हिंटन माध्यमाच्या ४ मिमी जाडीच्या थरावर तीन दिशांनी पसरवले, त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या, आणि रात्रभर वाढू दिले. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिथे जिवाणू वाढलेले नसतात त्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजपट्टीने मोजायचा. यात मोजपट्टीइतकेच काम डोळ्याला असते. पेनिसिलिनभोवतीचे वर्तुळ २९ मिमी किंवा त्याहून मोठे भरले, तरी त्याची कड कशी आहे ते पाहावे लागते: वाढ विरळ होत होत थांबली असेल तर ठीक, पण सह्याद्रीच्या कड्यासारखी एकदम तुटलेली असेल, तर तो जिवाणू पेनिसिलिन फोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतो आहे असे समजावे लागते.

याच टप्प्यावर आमच्या हातून एक गंभीर चूक झाली. स्टॅफिलोकॉकसमधला मेथिसिलिन-प्रतिरोध, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या गटातल्या औषधांना दाद न देण्याचा गुण, शोधण्यासाठी सेफॉक्सिटिनची चकती वापरतात, आणि तिच्यासाठी प्लेटा ३५ अंशांच्या वर ठेवून चालत नाही, कारण तापमान त्याहून वाढले तर हा प्रतिरोध नजरेतून निसटू शकतो. आमच्या इनक्युबेटरच्या दारावरचा आकडा ३५ दाखवत होता आणि तापमानाच्या तक्त्यात तोच आकडा दिवसातून दोनदा लिहिला जात होता. गुरुवारी सकाळी मी आतल्या ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला तापमापक काढून पाहिला, तर तो ३७ दाखवत होता. मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती, की तोपर्यंतच्या पाचही दिवसांचे नियंत्रक जिवाणूचे, म्हणजे चाचणी बरोबर चालते का हे पाहण्यासाठी लावलेल्या ओळखीच्या जिवाणूचे, निकाल बिनचूक होते. २३ ते २९ मिमीच्या ठरलेल्या मर्यादेत वर्तुळ बसत होते. पण तो नियंत्रक जिवाणू मुळात औषधाला दाद देणारा आहे. लपलेला प्रतिरोध आपल्या हातून सुटतो आहे, हे तो कसे सांगणार? ते काम प्रतिरोधी नियंत्रक जिवाणू करू शकला असता, आणि तो आम्ही त्या आठवड्यात लावलेला नव्हता.

सेफॉक्सिटिनचे १४ निकाल रद्द करून ते सर्व जिवाणू योग्य तापमानाला पुन्हा तपासले. तेरांमध्ये काही फरक पडला नाही. एकाचे वर्तुळ २३ मिमीवरून १९ मिमीवर आले, आणि २१ किंवा त्याहून कमी म्हणजे प्रतिरोधी, या निकषाने तो पलीकडच्या रांगेत गेला. पीसीआर या जनुके शोधणाऱ्या तपासणीत त्याच्यात हा प्रतिरोध देणारे ‘मेक-ए’ जनुक सापडले. अशा वेळी थेट जनुकच तपासावे, चकत्यांचा खटाटोप कशाला, असे काही जण म्हणतात, आणि मला ते पटत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य भागात गाईंच्या दुधातून मिळालेले काही जिवाणू औषधाला दाद देत नव्हते, पण ‘मेक-ए’च्या तपासणीत काहीच सापडत नव्हते, तेथूनच ‘मेक-सी’ या नव्या जनुकाचा शोध लागला आणि तो २०११ मध्ये जाहीर झाला. चकतीने आधी संशय व्यक्त केला नसता, तर तिथे कोणी पुढे शोधलेच नसते.

दुधाबरोबर प्रत्येक गोठ्यातल्या एका कालवडीच्या गुदद्वारातून स्वॅबही घेतला होता. तो सेफोटॅक्झिम हे सेफ्ट्रायॅक्झोनच्याच गटातले औषध मिसळलेल्या मॅकॉन्की माध्यमावर लावायचा, म्हणजे या गटाच्या औषधाला दाद देणारे ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू तिथे उगवतच नाहीत. जे उगवतील त्यांचा विचार करायचा. आक्कांच्या कालवडीची प्लेट सकाळी उघडली तेव्हा ती कडेपर्यंत गुलाबी कॉलनींनी भरलेली होती. औषध फोडणाऱ्या विकराला रोखणारे क्लॅव्युलॅनिक ॲसिड घातलेली आणि न घातलेली अशा दोन चकत्या शेजारी लावल्या, तर दोन वर्तुळांत ५ मिमीहून बराच अधिक फरक आला, म्हणजे हे जिवाणू तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, म्हणजे याच गटाची औषधे, फोडणारे विकर बनवत होते. ही औषधे माणसांच्या गंभीर संसर्गांत वापरली जातात, आणि जागतिक आरोग्य संघटना त्यांना मानवी उपचारांसाठी सर्वोच्च प्राधान्याच्या यादीत ठेवते.

या कालवडीला कधीच इंजेक्शन दिलेले नव्हते, हे मी टोपली पाहतानाच विचारून घेतले होते. मग मी फोन करून विचारले, की गौरीला सुया चालू असताना तिच्या दुधाचे काय केले. ‘‘डेअरीला तीन दिवस घातलं नाही, मॅडम. तेवढं आम्हाला कळतं. वाया कशाला घालवायचं म्हणून कालवडीला पाजलं.’’

आमच्या प्रश्नावलीत या दुधासाठी रकानाच नव्हता. उपचार चालू असलेल्या गाईचे दूध वासराला पाजले, तर त्यातले औषध अल्प मात्रेत रोज त्याच्या आतड्यात उतरते, आणि तिथल्या अनेक प्रकारच्या जिवाणूंमधून नेमके दाद न देणारे तेवढे मागे उरतात. एका कालवडीच्या एका प्लेटवरून हेच घडले असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण असे जिवाणू आईच्या शेणातून, पाण्यातून किंवा विकत आणलेल्या जनावराबरोबरही येतात. पण सेफ्ट्रायॅक्झोनची कुपी, पाजलेले दूध आणि ती गुलाबी प्लेट या तीन गोष्टी एका रेषेत आल्या, त्या केवळ टोपलीमुळे.

येथे वाचकांच्या मनात दुधाविषयी भीती राहू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. दूध उकळल्यावर हे जिवाणू मरतात. औषधाचा अंश ही वेगळी बाब आहे. तो उकळून पुरता जात नाही, आणि म्हणूनच औषधानंतर ठरावीक दिवस दूध विकायचे नसते. आपल्याकडे २०१२ पासून नियम असा आहे की हा काळ लेबलावर छापलेला असावा, आणि तो निश्चित केलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरावेत. आक्कांना तोंडी तीन दिवस सांगितले गेले होते आणि त्यांच्या टोपलीतल्या त्या कुपीच्या लेबलावर औषधाच्या नावापलीकडचे काही वाचण्यासारखे राहिले नव्हते. प्रतिरोधी जिवाणूंचा मार्ग मात्र दुधाच्या पातेल्यातून कमी आणि हात, शेण, शेणखत, ओढ्याचे पाणी यांतून अधिक जातो. शिवाय हे विकर बनवणारी जनुके बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात, त्यामुळे ती एका जिवाणूकडून शेजारच्या वेगळ्याच जिवाणूकडे जाऊ शकतात.

डेन्मार्कमध्ये जनावरे, अन्न आणि माणसे या तिन्हींतल्या प्रतिरोधाची एकत्रित पाहणी १९९५ पासून चालू आहे, आणि २००० पासून तिथे कोणत्या गोठ्यावर कोणते औषध किती दिले गेले याची नोंद एका मध्यवर्ती ठिकाणी होते. तिथल्या माझ्यासारख्या माणसाला प्लेट वाचल्यावर ती नोंद उघडून पाहता येते. आपल्याकडे २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी आली, आणि या दोन्ही गोष्टींचे मोल मी जाणते. पण गोठ्यापातळीवर औषधांची नोंद ठेवण्याची सोय झाल्याखेरीज आम्ही जे मिलिमीटर मोजतो त्यांचा अर्थ अर्धाच लागणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

निकाल सांगायला आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकांना बरोबर घेऊन गेलो. शेतकऱ्याला आरोपीसारखे वाटू नये, यासाठी आधी चांगले निकाल सांगितले: ८ पैकी ६ गाईंच्या दुधात कासदाहाचा कोणताही जिवाणू सापडला नव्हता. मग कालवडीचे सांगितले. आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, ‘‘म्हंजे उद्या हिला काही झालं तर ते औषध चालायचं नाही?’’ मी ‘‘त्या जिवाणूनेच आजार झाला तर नाही चालणार,’’ असे सांगितले. ‘‘आणि माझ्या नातवाला झालं तर?’’ या प्रश्नाचे उत्तर देताना मला शब्द फार जपून वापरावे लागले.

पशुवैद्यकांनी त्यांना समजावले की दरवेळी कासेला सूज आली की लगेच तेच औषध द्यायचे नाही. आधी दुधाचा नमुना पाठवायचा, सौम्य त्रासात निकाल येईपर्यंत कास वारंवार रिकामी करून वाट पाहायची, आणि पुढचे त्यांना विचारून ठरवायचे. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे, आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे सडाचे छिद्र मिटेपर्यंत गाय अर्धा तास उभी राहते. उपचाराच्या काळातले दूध कालवडीला पाजायचे नाही, हे आक्कांनी लगेच मान्य केले, फक्त ‘‘अन्न मातीत ओतायचं,’’ असे म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता.

प्रश्नावलीत आता पाजलेल्या दुधाचा रकाना आहे आणि ‘प्रतिजैविक’ हा शब्द प्रश्नातून काढून टाकला आहे. दुसऱ्या फेरीसाठी मी या महिन्यात पुन्हा त्या गोठ्यावर गेले, तेव्हा आक्कांनी टोपली आणली नाही. त्यांनी भिंतीवरचे कालनिर्णय काढून माझ्यापुढे ठेवले. दुधाच्या हिशोबाचे आकडे जिथे असतात, त्याच चौकटींत गाईचे नाव लिहिले होते आणि शेजारी कुपीवरून सोलून काढलेले लेबल डिंकाने चिकटवले होते. तीन महिन्यांत अशी दोनच लेबले होती. एकाखाली त्यांच्या नातवाच्या अक्षरात ‘चंद्री, ७ दिवस दूध बंद’ असे लिहिलेले होते. मी ती पाने मोबाइलवर टिपून घेतली, आक्कांनी नळ्या भरून दिल्या, आणि कालवडीचा स्वॅब मी स्वतः घेतला. तो आज संध्याकाळी माध्यमावर लावला आहे. प्लेट उद्या सकाळी उघडायची आहे.